कट्ट्यावरची टीम आणि आमची म्हस

ये गं, अशी जवळ सरक. तिकडं पुण्यात बसून मावशीला फोनवर शहाणपण शिकवतेस होय? "असल्या पोरांना दारात कशाला बसवतेस मावशी, उद्या काही झालं म्हणजे?" एवढं म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिलास. शिकलीस, कमावती झालीस, पण समोरच्याचं ऐकून घ्यायचं राहूनच गेलं बघ तुझं. तुझी आई अशी नव्हती. ती निदान भांडण पुरं करून उठायची.

तर आता ऐक. फोनवर मला सांगता येत नाही, मध्येच तुझी मीटिंग येते. म्हणून लिहून काढते. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही. पोरं लग्नाला आलीत. एखाद्या पोरीच्या बापाच्या हातात हा कागद पडला तर सोयरीक मोडायची, आणि मग तोंड पाडून माझ्याच कट्ट्यावर येऊन बसायची.

कट्टा तुला माहीत आहे. तालमीला लागून, चौकाच्या कोपऱ्यावर. संध्याकाळी म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढायची आणि फेसाचा ग्लास तसाच त्याच्या हातात द्यायचा. तुझ्या सासरची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा "तापवत नाही?" म्हणून त्यांनी डोळे केवढे केले होते! मग तुझा सासरा तीन ग्लास प्याला आणि रात्रभर चांगला झोपला. तुझे काका गेल्यावर सगळ्यांनी मला सांगितलं, कट्टा बंद कर. मी म्हशी कमी केल्या, कट्टा ठेवला. माझा थोरला कारखान्यातनं येईपर्यंत मी एकटीच असते तिथं. मला करमतं.

आमची ती मोठ्या शिंगांची म्हस तुला आठवत असेल. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून पळवतात ना, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून? पुढं मालकाची मोटरसायकल, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, कान फुटतील असा आवाज करणारी, आणि त्या आवाजामागं म्हस शेपूट वर करून पळते. थोरल्यानं हिला पारडी असल्यापासून ते शिकवलं होतं. तिच्या डोक्यात एकच बसलंय. तसला आवाज आला म्हणजे पाडवा आला, आणि पाडवा आला म्हणजे पळायचं. वर्षाचे बाकीचे दिवस ही गरीब गाय. म्हणजे म्हस.

आता पोरांचं सांगते.

आमच्या चौकात तेव्हा एक भाई तयार झाला होता. तसा पोरगेलाच, तिशीसुद्धा झाली नसेल, पण चौकाचौकात त्याच्या वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड. तलवारीनं केक कापायचा, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवायचा. कुणाच्या जागेत खुर्ची टाकून बस, कुणाला दम दे, असली कामं. आणि मागं शेपटासारखी शाळा सोडलेली पोरं. मिसरूड फुटलं नव्हतं अजून. बाप कामावर, आई कामावर, दिवसभर घराला कुलूप. भाई त्यांना चहा पाजायचा, गाडीवर मागं बसवायचा, "काय वाघा" म्हणायचा. त्या वयात कुणी वाघ म्हटलं की शेळीचं पोर पण डरकाळी फोडायला बघतं.

त्यातलं एक पोरगं मी सांगते ते. सोळा-सतरा वर्षांचं, काटक, भुवईवर टाके पडलेले. बाप कबनूरला यंत्रमागावर, आठवड्यातनं एकदा घरी यायचा. आई खानावळीत भाकऱ्या थापायची. एका संध्याकाळी मी धारेला बसले होते आणि हा त्याच असल्या पुंगळी काढलेल्या गाडीवर मागं बसून चौकातनं घिरट्या घालत होता. म्हशीनं मान वर केली, कान उभे केले आणि पान्हा चोरला. बादलीत थेंब नाही. समोर गिऱ्हाइकं ग्लास धरून उभी. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! गाडी थांबवून ही दोघं दात काढत उतरली, तशी मी शेणाचा एक पो उचलला आणि मारला फेकून.

चुकवला की त्यानं! दुसरा मारला, तो पण चुकवला. असा डावीकडं झुकला आणि उजवीकडनं निसटला. तिसरा मात्र गाडीवाल्याला बसला.

तालमीच्या पायरीवर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सकाळी रिक्षातनं शाळेची पोरं सोडायची आणि संध्याकाळी तालमीमागच्या मैदानात पोरांना फुटबॉल शिकवायचा, असा त्यांचा दिवस. तरुणपणी त्यांचा डावा पाय बघायला माणसं झाडावर चढायची. पुढं गुडघा गेला. ते पायरीवरनं ओरडले, "आक्का, आणि एक टाक बघू!"

"का? तुम्हाला पायजे काय?"

"मला न्हाई. पोरगं कसं वळतंय ते बघतोय. ए भावा, हिकडं ये. फुटबॉल खेळतोस काय?"

पोरगं म्हणालं, "आमाला कोण घेतंय? पोलिसात नाव हाय आमचं."

मास्तर म्हणाले, "बरं झालं. निदान कुठं तरी नाव हाय. उद्या पाचला ये."

आणि ते आलं. का आलं ते त्याला पण सांगता येत नाही अजून. मी एकदा विचारलं तर म्हणालं, "आज्जी, त्यांनी पैल्यांदा माझं वळणं बघितलं, टाकं न्हाई बघितलं."

मास्तरांचं डोकं म्हणजे काय सांगावं! पेठेच्या मोठ्या टीममध्ये ज्यांना कुणी उभं करत नव्हतं, तसली पोरं वेचून त्यांनी टीम उभी केली. आणि ती पण निम्मी आमच्या गल्लीतली, निम्मी ओढ्यापलीकडच्या विहाराजवळच्या वस्तीतली. आता या दोन बाजूंचं आदल्या वर्षीच वाजलं होतं. भाईचा वाढदिवसाचा बोर्ड कुणीतरी फाडला, इकडच्यांनी आळ तिकडच्यांवर ढकलला, मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. मी मास्तरांना म्हटलं, "इस्तू आणि गवत एका जागी ठेवताय तुम्ही." ते म्हणाले, "आक्का, वेगळं ठेवून काय इझलंय ते सांग की."

पलीकडचा एक पोरगा गोलकीपर झाला. रुंद, थोराड, बोलायला कमी. आणि नेमका ह्याच्याच थोरल्या भावावर बोर्ड फाडल्याचा आळ. म्हणजे बघ, आमचं काटक पोरगं पुढं आणि हा मागं, आणि दोघांचं तोंड दोन दिशेला. गोलीच्या हातात बॉल आला की तो सगळ्यांकडं फेकायचा, काटक पोराकडं नाही. आणि हे पोरगं, चौघांनी घेरलं तरी चालेल, पण मागं गोलीला बॉल द्यायचा नाही. हातातली मॅच घालवायची पण द्यायचा नाही.

खेळून झालं की सगळी वरात कट्ट्यावर यायची. घामानं निथळलेली. मास्तर म्हणायचे, भाकरी घरात कमी असली तरी दूध पोटात जाऊ दे. माझ्याकडं ग्लास मोजकेच. मग ढकलाढकली, शिव्या. म्हस बिचकायची. मी मास्तरांना म्हटलं, ही तुमची जनावरं आवरा, माझी मी आवरते. तेव्हा त्यांनी एक नियम काढला. खेळताना ज्याला पास द्यायचा होता आणि दिला नाही, त्याला कट्ट्यावर आपल्या हातानं ग्लास द्यायचा. तो प्याल्याशिवाय आपण प्यायचं नाही.

पहिल्या दिवशी हसायचं का रडायचं कळेना. आमचं पोरगं हातात ग्लास धरून उभं आणि गोली हाताची घडी घालून उभा. ग्लासातला फेस बसला. मागची पोरं ओरडाय लागली, "आरं दे की, आमाला तहान लागल्या!"

शेवटी गोली म्हणाला, "इख-बिख घातलंस काय रं?"

ह्यानं त्याच ग्लासातला एक घोट घेतला, वरच्या ओठाला फेस लावला आणि ग्लास पुढं केला. "घे. मेलो तर दोघं मरू."

गोलीनं ग्लास घेतला. प्याला. मी मान खाली घालून धार काढत होते, पण मला काय वाटलं ते मलाच माहीत. तुला ठाऊक नाही, पण माझ्या सासूच्या काळात ओढ्यापलीकडच्यांसाठी या कट्ट्यावर ग्लास वेगळा होता, खिळ्याला टांगलेला. लग्न होऊन आल्यावर तुझ्या काकांच्या देखत तो मी मोडीत घातला होता. सासू महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी. त्या दिवशी एकाचा उष्टा ग्लास दुसऱ्यानं तोंडाला लावला आणि कट्ट्यावर कुणाला त्यात वावगं काही दिसलं नाही. पोरांना फक्त तहान लागली होती.

असे महिने गेले. पासाचं काही जमलं नाही, ग्लासाचं मात्र रोज चालायचं. पोरं म्हशीपाशी बारीक आवाजात बोलायला शिकली, कारण म्हशीनं पान्हा चोरला तर सगळ्यांचं दूध जायचं. काटक पोरगं तर लवकर येऊन म्हस धुवायला लागलं. जिभेनं टक्‌टक् केलं की ती त्याच्याकडं वळायची. थोरला म्हणायचा, "आई, ह्यो माझी म्हस फितवणार."

भाईकडं जाणं मात्र पुरतं सुटलं नव्हतं. बोलावणं आलं की जायचा. तसल्या ठिकाणी "येत न्हाई" म्हणायची सोय नसते, हे तुमच्या ऑफिससारखं राजीनामा देऊन भागत नाही.

मग आमच्याच मैदानावर रविवारी दुपारची मॅच ठरली. चार गल्ल्यांच्या टीमा, लहानशीच स्पर्धा, पण आमची ही वेचलेली पोरं पहिल्यांदाच लोकांपुढं उभी राहणार. आदल्या संध्याकाळी पोरगं रेडकाला वैरण घालत होतं. एकदम म्हणालं, "आज्जी, एक इचारू? नुसतं घर दाखवलं तर त्यात काय पाप असतंय?"

"कुणाचं घर?"

पोरगं रेडकाच्या कपाळावरचा भोवरा खाजवत बसलं. मग म्हणालं, "भाईला गोलीच्या भावाचं घर बघायचं हाय. बोर्डाचं अजून डोक्यात हाय त्याच्या. मला म्हणतोय, तुझं जाणं-येणं हाय तिकडं, तू नुसतं दार दाखव आणि मागं फिर."

 मी म्हटलं, "दार दाखवणारा आणि दार फोडणारा एकाच दावणीची जनावरं असतात लेकरा."

"आणि न्हाई दाखवलं तर माझंच दार फोडतील की."

 यावर तुझ्याकडं उत्तर असलं तर सांग. तो गेल्यावर मी मास्तरांना गाठलं. म्हटलं, उद्या त्याला खोलीत कोंडून घाला पण जाऊ देऊ नका. मास्तर गुडघा चोळत होते. म्हणाले, "आक्का, बांधून ठेवलेलं पोरगं सुटतंयच. भाईच्या गाडीवरनं त्याला त्याचं उतरू दे. मी चौकीत सांगून ठेवतो, पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या कानावर घालतो. त्याचं नाव मी घेत न्हाई. पण त्यानं गाडीवर बसायचं का न्हाई, ते त्यानंच ठरवायचं."

रविवारी मैदानावर बघायला माणूस मावेना. आपल्या गावाला फुटबॉलचं वेड, त्यात घरची पोरं. त्याची आई खानावळीतनं वेळ काढून आली होती, हाताला पीठ तसंच. मी म्हशी कट्ट्यावर बांधून भिंतीला टेकून बसले. पहिला हाफ संपला, कुणाचाच गोल नाही. पोरं लिंबू चोखत बसली होती, आणि आला तो आवाज.

एकच गाडी, पुंगळी काढलेली. चालवणारा भाईचा उजवा हात, गॉगल कपाळावर. मैदानाच्या कडेला थांबून गाडी नुसती रेस करत राहिला.

"चल भावा. दोन मिन्टाचं काम हाय. परत येऊन खेळ की."

पोरगं उठलं. मास्तरांकडं बघितलं. मास्तर लिंबू कापत होते, मान वर केली नाही.

"मास्तर, येतो जाऊन."

"जा की. पण कीट काढून ठेव. ती तुझी न्हाई, टीमची हाय."

पोरानं जर्सी डोक्यातनं काढली. घामानं चिकटलेली, मानेत अडकली, ओढून काढली. आणि जवळ कोण उभा होता, तर गोली. दिली त्याच्याच हातात. ज्याचं घर दाखवायला निघाला त्याच्याच हातात! गोलीला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "लवकर ये रं, दुसऱ्या हाफला लागतोस." मी तोंडाला पदर लावून बसले. पोरगं गाडीवर बसलं. गाडीवाल्यानं ऐट दाखवायला कान फुटेल अशी गाडी पिळली.

आणि इकडं कट्ट्यावर खुंटा उपटला.

अगं, तिची काय चूक? तिला वाटलं पाडवा आला! शेपूट वर, नाक वर, खुंटा मागं ओढत ती थेट मैदानात. गल्लीकडं जायच्या वाटेत गर्दी होती म्हणून गाडीवाल्यानं मैदानालाच गोल फेरी घेतली, आणि मागं आमची म्हस! माणसं पहिल्यांदा पळाली, मग पाडव्यासारखी शिट्ट्या मारायला लागली. गाडीवाल्यानं आरशात बघितलं. कपाळावरचा गॉगल नाकावर आला. त्यानं आणखी गाडी पिळली. जेवढा गाडीचा आवाज तेवढी म्हस जोरात, हे आमच्या चौकातल्या शेंबड्या पोराला कळतं, पण ह्या शहाण्याला कळेना. मागं बसलेलं पोरगं ओरडत होतं, "गाडी बंद कर! आरं बंद कर, मग थांबती!" तो कसला ऐकतोय!

दुसऱ्या फेरीला वाट मिळाली तशी गाडी मोठ्या रस्त्याकडं वळली. तिकडं एसटी, ट्रक, सगळं भरधाव. म्हस त्याच्यामागं.  आणि त्याच वेळी पोरानं चालत्या गाडीवरनं उडी टाकली. पडला, लोळला, उठला आणि म्हशीमागं धावला. गाडी निघून गेली. त्यानं तिकडं वळून सुद्धा बघितलं नाही.

मग मास्तरांची शिट्टी वाजली. "डावीकडनं दाबा! बॅक मागंच राहा! गोली, रस्ता अडव, रस्ता!"

गोली धावत जाऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला, दोन्ही हात पसरून, जसा गोलात उभा राहतो तसा. एका हातात ह्याची जर्सी तशीच. समोरनं एवढं धूड येतंय आणि पठ्ठ्या हलला नाही. दोन्ही बाजूंनी पोरं. ओरडत नव्हती कुणी, कट्ट्यावर शिकलेली ना. मधनं काटक पोरगं जिभेनं टक्‌टक् करत आलं. म्हस जरा बिचकली, वेग कमी झाला, तेवढ्यात ह्यानं दावं धरलं. तिनं फरफटवलं त्याला. तळहात सोलून निघाले. तसंच त्यानं दाव्याचं टोक पुढं फेकलं, "घे रंऽऽ!" आणि गोलीनं ते हवेत धरून विजेच्या खांबाला दोन वेढे मारले.

म्हस थांबली. आणि मैदानातनं लंगडत येणारे मास्तर ओरडले, "दिलास की रं पास शेवटी!"

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मी म्हशीपाशी गेले, तिच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला दोन शिव्या घातल्या.

पोरगं खांबाला टेकून बसलं होतं, हाताचं रक्त बघत. गोली शेजारी टेकला. जर्सी पुढं केली.

ह्यानं घेतली नाही. म्हणाला, "तुझा थोरला भाऊ घरात हाय काय?"

"हाय. का?"

"आज त्याला घरात ठिवू नगो. मला तुझं घर दाखवायला न्यायला आलती ती गाडी." आणि मान खाली घालून म्हणाला, "मी बसलो हुतो गाडीवर. तू बघितलंसच."

मी तिथंच होते, दावं हातात घेऊन. म्हटलं आता गोलीचा ठोसा बसणार, आणि बसला तरी आपण मध्ये पडायचं नाही. गोली गुडघ्यावर उठला. मग ती जर्सी त्यानं ह्याच्या डोक्यावरनं घातली, लहान पोराला घालतात तशी, आणि म्हणाला, "आदी मॅच संपू दे. मग मारतो तुला."

मॅच हरलो गं आपण. एका गोलनं. पण दुसऱ्या हाफमध्ये गोलीनं पहिला बॉल फेकला तो ह्याच्याकडं, आणि ह्यानं घेरल्यावर मागं दिला तो गोलीला. मला खेळातलं काय कळतंय, पण एवढं कळलं.

मॅच संपल्यावर कुणी घरी गेलं नाही. मास्तरांनी टीम तशीच, चिखलाच्या कपड्यांत, ओढ्यापलीकडं नेली. गोलीच्या दारात सगळी ओळीनं बसली. पलीकडची म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली, आमच्या गल्लीतली पण गेली. पोराची आई गोलीच्या आजीशेजारी जाऊन बसली. दोघी एकमेकींना काय म्हणाल्या माहीत नाही, पण थोड्या वेळानं आजीनं चुलीवर भात चढवला आणि ही भाकरी थापायला बसली. खानावळीतनं सुटून आली तरी भाकरीच!

माझी धारेची वेळ झाली. गिऱ्हाईक सगळं पलीकडं, मग मी कट्ट्यावर बसून काय करू? सोडली म्हस आणि नेली तिकडंच. गोलीच्या दारासमोर बांधली आणि बसले धारेला.

दिवेलागणीला गाड्या आल्या. चार-पाच. पुढच्यावर भाई स्वतः. गल्लीच्या तोंडाशीच थांबल्या, कारण आत माणसंच माणसं. म्हशीनं बादलीजवळचा पाय उचलला, मान वर केली, कान उभे केले. मी दावं हाताला गुंडाळलं आणि मोठ्यानं म्हटलं, "पावणं, गाड्या बंद करा. खुंटा आज नवीनच ठोकलाय, धरंल का न्हाई सांगता येत न्हाई."

दुपारचा गॉगलवाला मागं होता. त्यानं सगळ्यांच्या आधी गाडी बंद केली. मग एकेक करून बाकीच्यांनी केल्या. गल्लीत असं शांत झालं की धारेचा आवाज ऐकू येईल.

भाईनं माझ्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, दारात बसलेल्या पोरांकडं बघितलं. आमच्या पोराकडं बोट करून म्हणाला, "तुला बघतो नंतर."

मास्तर म्हणाले, "नंतर कशाला? रोज पाचला मैदानात असतोय. बघायला ये की."

कुणीतरी खुदकन हसलं. आता भाईला परत जायचं होतं. गाडी चालू करावी, तर म्हस. न करावी, तर... अगं, ढकलत नेल्या त्यांनी गाड्या! ओढ्यापर्यंत आणि पुढच्या चढाला, घाम पुसत. तलवारीनं केक कापणारी माणसं गाड्या ढकलत चालली होती आणि मागं लहान पोरं "धक्का देऊ काय भाई?" म्हणून पळत होती. पोलिसांची गाडी त्यानंतर आली. त्यांना पण दूध दिलं.

एका संध्याकाळीत सगळं सरळ झालं असं सांगून मी तुला फसवणार नाही. त्या पोराला दिवाळीपर्यंत पेठ वडगावला मामाकडं ठेवावं लागलं. तिथनं एसटीनं सरावाला यायचा, आणि स्टँडवर उतरला की गोली त्याला घ्यायला उभा असायचा, न सांगता. पुढं भाई दुसऱ्याच कुठल्या प्रकरणात सापडला आणि कळंब्याला जेलमध्ये गेला. आपल्या टीममधलं पण एक पोरगं त्याच्याबरोबर गेलं. ते आम्हाला धरता आलं नाही. त्याची आई भेटीच्या दिवशी कळंब्याला जाताना कट्ट्यावर थांबते. मी दूध देते, ती पिते आणि पुढं जाते. मास्तर त्याची जर्सी धुऊन ठेवतात. म्हणतात, सुटल्यावर लागंल.

काटक पोरगं आता फौंड्रीत कामाला आहे आणि रविवारी बारक्या पोरांना वळणं शिकवतं. गोलीनं गॅरेज काढलंय. गंमत बघ, पुंगळी काढून द्या म्हणून गिऱ्हाईक आलं की तो म्हणतो, "आदी कट्ट्यावरच्या आज्जीला इचारून ये." तो मॅचनंतरचा मार मात्र अजून द्यायचाच आहे, आणि दोघांना त्याची आठवण आहे.

तर तू म्हणतेस, असल्या पोरांना दारात कशाला बसवतेस. बाई गं, ती कुठं तरी बसणारच की! भाईच्या गाडीवर बसण्यापरीस माझ्या कट्ट्यावर बसलेली बरी. इथं निदान म्हशीला भिऊन हळू बोलतात.

यंदा पाडव्याला म्हस पळवायला थोरला नाही म्हणतोय, त्याची कंबर धरल्या. तेव्हा गाडी काटक पोरगं चालवणार आणि मागं गोली बसणार आहे. शिंगं कुठल्या रंगानं रंगवायची यावरनं दोघं आत्तापासनं भांडतात. म्हस म्हातारी झाली, मी पण झाले, पुढच्या पाडव्याचं कुणी सांगावं? म्हणून म्हणते, तू ये. मीटिंग-बिटिंग गुंडाळून ठेव, पोरांना आण, नवऱ्याला आण, सासऱ्याला तर आणच. आणि एक लक्षात ठेव. माझं ऐकून न घेता फोन ठेवलास, म्हणजे पास दिला नाहीस. तेव्हा मास्तरांच्या नियमानं कट्ट्यावर आल्या आल्या पहिला ग्लास तू मला द्यायचास, आणि मी प्याल्याशिवाय तू प्यायचं नाहीस. फेस बसायच्या आत ये, बाळा.